टालवाल्या काकांचे आभार

"आभार मानतो, पण पटलं नाही."

हे म्हणण्याआधी ते माईकची मान स्वतःकडे वळवून घेत, एखाद्या हूड पोराचा कान धरावा तशी. मग जाळीवर एक फुंकर. मग पाहुण्याकडे एक नजर. तोवर पाहुण्याच्या अंगावर शाल आलेली असे, मांडीवर नारळ असे, आणि चेहऱ्यावर भाषण संपल्याचं समाधान. बिचाऱ्याला कल्पना नसायची की खरं भाषण आता सुरू होतंय.

जबलपुरातल्या आमच्या छोट्याशा मराठी मंडळात आभारानंतर कुणी बोलायचं नाही अशी रीत आहे. कोणी घातली माहीत नाही. आभार झाले की चहाची किटली आत येते, खुर्च्या वाजायला लागतात, आणि पाहुण्याला काही म्हणायचंच असलं तर त्याने ते बशीतल्या पोह्यांना सांगावं. म्हणजे सभेतला शेवटचा शब्द आभार मानणाऱ्याचा. ही गोष्ट आमच्यापैकी एकालाच कळली होती, आणि त्याने वर्षानुवर्षं आभाराचं काम दुसऱ्या कोणाला घेऊ दिलं नाही. तुम्ही अशा सभांना जात असाल तर असा एक गृहस्थ तुम्हीही पाहिला असेल. नसेल पाहिला तर सुखी आहात.

व्यक्तिचित्र लिहायला माणूस आवडावा लागतो म्हणतात. मला हे आवडत नसत. आता ते नाहीत, आणि माझंही वय लपवाछपवी करण्याचं राहिलेलं नाही, म्हणून हे आधीच सांगून टाकतो. मी कॉलेजात भूगोल शिकवतो, मंडळाचा सचिव आहे, आणि सभेत कधी तोंड उघडत नाही. मनातल्या मनात मात्र मी त्यांना कितीतरी वेळा उभं-आडवं सोललं आहे. वर्गात हवामान बदलाचा धडा आला की त्यांची नक्कल करून पोरांना हसवायचो. धडा लक्षात राहायचा नाही, नक्कल राहायची.

शहरातल्या घमापूर भागात त्यांची टाल होती, म्हणजे लाकूड-कोळशाची वखार. आम्ही मराठी लोक त्यांना टालवाले काका म्हणायचो, हिंदी शेजारी कक्काजी. वडील वर्ध्याकडून आलेले. तेव्हा नागपूर आणि जबलपूर एकाच प्रांतात होती. पुढे राज्यांची फेररचना झाली, नागपूर तिकडे गेलं, आणि ही मंडळी इकडे राहिली. या एका घटनेवर काकांचं सगळं आंतरराष्ट्रीय धोरण उभं होतं.

"करार म्हंजे काय ते आमाले विचारा ना, प्रोफेसर," ते म्हणायचे. "दिल्लीत बसून कोनी तरी रेघ मारली. आमचे मामा तिकडं, आमी इकडं. राजधानी जबलपूरले भेटणार भेटणार म्हणत भोपाळले गेली. आमाले विचारलं कोनी? आता तेच लोक पॅरिसात जाऊन माझ्या सिगडीचा हिशोब करून राहिले."

यावर मी चहा प्यायचो.

हवामानाचा क्योटो करार गाजत होता तेव्हा दिल्लीत त्यांच्या न-आवडत्या पक्षाची माणसं होती, त्यामुळे काकांना रान मोकळं असायचं. "गोऱ्यायनं दोनशे वर्सं कोळसा जाळला, त्याच्या उबेत पोरं शिकवले, बंगले बांधले. आता पोट भरलं तं ढेकर देऊन सांगून राहिले, बाप्पा, धूर नका करू. वऱ्हाड जेवून गेलं, अन् मागच्या पंगतीले म्हणते डाळीत पाणी टाका!" यावर टाळ्या पडायच्या. मग तेवढ्यावर थांबावं की नाही? पण नाही. पुढे ओझोनचं भोक, बर्फाचे डोंगर आणि परदेशी फ्रिज विकणारे यांचा ते असा काला करायचे की भूगोलाच्या माणसाला कान झाकावेसे वाटावेत. पृथ्वी तापते यावरच त्यांचा विश्वास नव्हता. "जबलपूरचा मे महिना पाह्यला का त्यायनं? आमचे आजे त्याच्यात जगले. दोन डिग्रीनं काय होते?" म्हणायचे, आणि कपाळावरचा घाम पुसायचे.

पाहुणेही असे काही थोर नसत, हेही सांगायला हवं. एकदा पर्यावरणावर बोलायला एक विद्वान आले. तासभर आम्हाला गाड्यांच्या धुराबद्दल सुनावलं, आणि त्यांची स्वतःची गाडी बाहेर पूर्ण वेळ घरघरत उभी, आतली थंड हवा टिकावी म्हणून. काका आभाराला उभे राहिले. अध्यक्षांचे, श्रोत्यांचे, सतरंजीवाल्याचे आभार मानले आणि म्हणाले, "पाहुण्यायच्या ड्रायव्हरचे विशेष आभार. त्यानं भाषण संपेपर्यंत गाडी बंद नाही केली. पृथ्वी तापली तरी चालन, साहेब तापू नये." मग एक क्षण थांबले. तोवर मागच्या रांगा तयारीत होत्या. काका म्हणाले, "आभार मानतो," आणि सगळ्या हॉलने सूर लावला, "पण पटलं नाही!"

हे असं कधीपासून सुरू झालं आठवत नाही. आधी पोरं करायची, मग बायका, मग सगळेच. आरतीत शेवटची ओळ सगळ्यांनी मिळून ओढावी तसं. काका 'मानतो' म्हणून थांबायचे आणि बाकीचं हॉल म्हणायचा. त्यांना वाटायचं आम्ही त्यांच्या बाजूचे आहोत. आम्ही त्यांना हसत होतो. मी तर नक्कीच.

काकांचा स्वतःचा जो पक्ष होता त्याबद्दल वेगळं सांगायला हवं. त्या पक्षाच्या घमापुरातल्या सभेला बोलणारा एक आणि ऐकणारे चार असत, त्या काळापासून काका सतरंजी उचलत आले होते. सभेचा चहा त्यांच्या टालीच्या कोळशावर व्हायचा. पक्षाने त्यांना कधी वॉर्डाचं तिकीटसुद्धा विचारलं नाही. ते म्हणायचे, "आमी काय खुर्चीसाठी आहोत का? विचारासाठी आहोत." विचार म्हणजे काय विचारलं, तर देश आपला, चूल आपली, बाहेरच्याने नाक खुपसायचं नाही. एवढाच. मला तो विचार नव्हे, कुरकुर वाटायची.

मग त्यांचा पक्ष दिल्लीत मोठ्या बहुमताने आला. काकांनी टालीसमोर पेढे वाटले. आणि पुढे त्याच सरकारने पॅरिसच्या करारावर सही केली.

रातोरात माणसं कशी बदलतात हे तेव्हा आमच्या गल्लीने पाहिलं. जे कालपर्यंत या करारांना गोऱ्यांचा कावा म्हणत होते ते सकाळी पेपर घेऊन जगाला वाट दाखवल्याचं सांगू लागले. जे कालपर्यंत पृथ्वी वाचवा म्हणत होते त्यांना सहीत खोट दिसू लागली. दोन्हीकडच्यांनी एकमेकांची वाक्यं अदलाबदल करून घेतली, पोरं गोट्या बदलतात तशी. मी टालीवर मुद्दाम गेलो. म्हटलं, बघू म्हातारा आता काय करतो.

"काय काका, सही झाली की."

"झाली."

"आता पटलं असेल."

त्यांनी तराजूत कोळसा टाकणं थांबवलं नाही. "पक्ष आपला आहे, प्रोफेसर. सही आपली नाही," म्हणाले. "बायको स्वैपाकात मीठ जास्त टाकते, तं काय दुसरी करता का?"

मला राग आला होता, हे कबूल करतो. त्यांनीही कोलांटी मारली असती तर मला ते नीट कळले असते.

खरी अडचण त्यांच्या मुलाची होती. तिशी उलटलेला, बायको-पोरगी असलेला. घरोघरी गॅस आल्यावर टालीवर राहिले होते दोन ढाबे, काही इस्त्रीवाले आणि स्मशानाचं लाकूड. मुलाने ठरवलं होतं की टालीच्या जागी सौर पॅनलची एजन्सी घ्यायची. पत्र्याची शेड पुढून रंगवूनसुद्धा झाली होती. कंपनीकडे शब्द टाकायला पक्षाचे शहरातले एक पदाधिकारी लागत होते. ते "देखते हैं" म्हणाले होते. याच सुमाराला मंडळाने व्याख्यान ठेवलं, विषय हवामान करार आणि आपला देश, आणि वक्ते तेच पदाधिकारी.

कार्यक्रमाच्या आधी काका माझ्याकडे आले. जिना चढून त्यांना धाप लागली होती. कोळशाची धूळ आयुष्यभर छातीत गेलेली.

"सर, यंदाचे आभार दुसऱ्याले द्या ना जी."

आयुष्यात पहिल्यांदा त्यांनी मला सर म्हटलं. मी समजलो. आणि समजून म्हणालो, "छे छे! तुमच्याशिवाय कोण? लोक वाट पाहतात."

मला त्यांना शब्द गिळताना पाहायचं होतं. दुसरं काही कारण नव्हतं.

त्याच संध्याकाळी मुलगा आला. त्याचं म्हणणं उलटं. "सर, आभार बाबाच मानतील. भाईसाहबना दिसलं पाहिजे ना की पुराना आदमी आहे, इज्जत देतो आहे. बस, पुढचं ते वाक्य नको. मी बाबांना सांगितलं आहे. फक्त 'आभार मानतो' बोलायचं आणि बसून जायचं. इतना तो कर ही सकते हैं मेरे लिए."

"कबूल झाले?"

"झाले. आईची शपथ घातली मी."

कार्यक्रमाला गर्दी होती. पाहुणे छान बोलले, म्हणजे हिंदीत, मधूनमधून "मी थोडा थोडा मराठी समजतो" असं म्हणत. करार किती दूरदर्शी आहे, सूर्य कसा आपलाच आहे, आपण जगाला काय देणार आहोत. ज्या गोष्टी मी वर्गात पंधरा-वीस वर्षं सांगत आलो त्या गोष्टी या माणसाच्या तोंडून ऐकताना मला कशा कोण जाणे, खोट्या वाटायला लागल्या. मी मंचावर त्यांच्या शेजारीच बसलो होतो. मुलगा पुढच्या रांगेत, इस्त्रीचा शर्ट घालून.

काका उठले. माईक वळवला. फुंकर मारली नाही. अध्यक्षांचे आभार, श्रोत्यांचे आभार. मग पाहुण्यांचे. ते इतकं गोड बोलत होते की मी त्यांच्याकडे पाहायचं टाळलं. सरकारने केलं ते विचार करूनच केलं असेल असंही एक वाक्य झालं. माझी खात्री आहे, ते मुलाने लिहून दिलेलं होतं. मग ते म्हणाले, "सगळ्यांचे आभार मानतो."

आणि थांबले. खाली बसायला वळलेसुद्धा.

"पण पटलं नाही!"

सगळा हॉल. पोरं, बायका, मागच्या भिंतीला टेकलेले म्हातारे. कुणाच्या मनात काही नव्हतं हो. सवय. देवळात घंटा वाजली की हात जुळावेत तसं तोंडातून निघून गेलं. मंचावरून त्यात एक आवाज सामील होता. तो माझा होता. सभेत कधीही तोंड न उघडणाऱ्या माणसाचा, आणि ती काही सवय नव्हती. मी ठरवून म्हटलं होतं.

हशा सुरू झाला आणि अर्ध्यात तुटला. पाहुण्यांचा चेहरा लाल झाला होता. त्यांनी माझ्याकडे वळून विचारलं, "ये सब क्या बोल रहे हैं?"

मी नारळाकडे पाहत राहिलो.

मुलगा अर्धवट उठला होता. काकांनी त्याच्याकडे पाहिलं, मग आमच्या सगळ्यांकडे. त्यांनी एवढंच म्हटलं असतं तरी भागलं असतं, की हे मी म्हटलं नाही, हे लोक गंमत करतात. खरंच होतं ते. सगळा हॉल साक्षीला होता. त्यांनी माईक पुन्हा स्वतःकडे ओढला.

"कह रहे हैं कि बात जमी नहीं, भाईसाहब. इनपे नाराज मत होना. इनको क्योटो किधर है और पॅरिस किधर है, कुछ पता नहीं. पढ़े-लिखे बैठे हैं, पर समझ दो पैसे की नहीं. ये वाक्य इनका नहीं है. मेरा है."

चहाची किटली आत आली. कोणी खुर्ची हलवली नाही. पाहुणे चहा न घेता निघाले आणि आम्ही सगळे त्यांच्या मागे दारापर्यंत गेलो, अगदी लग्नातल्या वरपित्याला पोचवायला जावं तसे.

बाहेर स्कूटरपाशी बाप-लेक उभे होते. मुलगा रडत नव्हता, पण आवाज तसाच होता.

"काहून बोलले बाबा? मैंने नहीं बोला, इतना ही कहना था. इतना ही! खोटं पण नव्हतं ते."

"नाही बोललो मी," काका म्हणाले. "तुले शब्द दिला होता, पाळला. पण पटलं तं नव्हतंच ना. मग यायच्या अंगावर कसा ढकलू?"

"यांच्या अंगावर? या लोकांच्या? हे हसतात तुमच्यावर! तुम्हाला माहीत नाही?"

"माहीत आहे ना बाप्पा," ते म्हणाले. "इतका येडा आहे का मी?"

मी अंधारात नव्हतो, कार्यक्रम भर दुपारचा होता. दोघांनीही मला पाहिलं. मी चप्पल शोधत असल्यासारखं केलं.

एजन्सीसाठी त्या पदाधिकाऱ्यांचा फोन आलाच नाही. मुद्दाम आला नाही की यायचाच नव्हता, देव जाणे. अशा माणसांच्या "देखते हैं"चा अर्थ काढत बसू नये. मुलगा रांझीला कुणाच्या तरी बॅटरीच्या दुकानात नोकरीला लागला. रोज मोटरसायकलने जा-ये. पुढची काही वर्षं बापाशी कामापुरतं बोलायचा, तेही हिंदीत. घरात मराठी बंद केली त्याने. मराठीनेच घात केला असं त्याला वाटलं असेल, आणि मला त्याला चूक म्हणवत नाही.

काका त्यानंतर मंडळात आले नाहीत. पुढच्या वर्षी मी आभाराचं विचारायला गेलो तर म्हणाले, "आता तुमीच माना. आवाज चांगला आहे तुमचा." एवढंच. टोमणा होता की खरंच म्हणाले, चेहऱ्यावरून कळलं नाही. मंडळात आता आभार एक बाई मानतात, छान मानतात, आणि पाहुणे खूष होऊन जातात.

आणि तुम्हाला वाटेल, एवढं झाल्यावर माणूस पक्षाला तरी शिव्या घालेल. निवडणूक आली तसे काका काठी टेकत गेले, मत देऊन आले आणि कुणाला दिलं ते न विचारता सांगितलं. मी म्हटलं, "काका, कमाल आहे तुमची." ते म्हणाले, "काहून? त्यायनं मले फसवलं असन, मी काहून फसवू?" असल्या निष्ठेचं काय करावं? मला अजून कळत नाही. अशाच माणसांच्या जिवावर पक्ष मोठे होतात आणि अशाच माणसांना विसरतात, हे एक झालं. पण त्यांची मतं चुकीची होती ती होतीच. पृथ्वी तापते आहे. जबलपूरचा मे आता त्यांच्या आज्यांचा राहिलेला नाही. हे मी त्यांना तोंडावर कधी सांगितलं नाही, पाठीमागे हसलो. चुकणाऱ्या माणसाशी भांडायचं असतं, निदान तेवढी तरी इज्जत द्यायची असते, हे माझ्या लक्षात यायला फार उशीर झाला.

शेवटी छातीनेच धरलं. मी भेटायला गेलो तो रविवार होता, सकाळची वेळ. टालीमागच्या दोन खोल्यांत टीव्ही मोठ्याने चालू होता. काका खुर्चीत, गळ्याभोवती टॉवेल, तोंडाला साबणाचा फेस. मुलगा समोर स्टुलावर बसून त्यांची दाढी करत होता. मला पाहून त्याने नुसती मान हलवली.

टीव्हीवर परदेशातली कसली तरी परिषद चालली होती. लांबलचक टेबलं, पाण्याच्या बाटल्या, कोट घातलेली माणसं. आपले कोणी मंत्री बोलायला उभे राहिले. काकांचे डोळे चमकले. बोट वर गेलं. श्वास घेऊन ते काही म्हणणार तेवढ्यात मुलाने त्यांची हनुवटी धरली.

"बाबा, हलू नका," तो मराठीत म्हणाला. "थोडा वेळ तोंड बंद ठेवा. ब्लेड लागेल."

बोट खाली आलं. मंत्री बोलत राहिले, काय काय द्यायचं आणि कधीपर्यंत. मुलाने बापाची मान हलकेच मागे टेकवली आणि गळ्याची ती सैल, सुरकुतलेली कातडी बोटांनी ताणून धरली. काका ओठ मिटून, डोळे मिटून, गळा पुढे करून बसले होते.

मी उठून टीव्हीचा आवाज कमी केला.